नव्वद दिवसांपुरता बॅकअप

सुजयला दोन गोष्टींची भारी घमेंड होती. एक म्हणजे, आपल्या हाताखालच्या मशिनवरून आजवर कुणाची साधी एक फाइलसुद्धा गेलेली नाही. आणि दुसरी, आपण आपल्या आईला लिनक्स शिकवलं. पहिली घमेंड तो ऑफिसात मिरवायचा, दुसरी जो भेटेल त्याच्यापुढे. दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं. नोएडातल्या कंपनीत दिवसभर सर्व्हर सांभाळणारा माणूस तो, त्याला दुसरं कौतुक असणार तरी कशाचं!

आई म्हणजे वृंदाताई. यजमान विश्वासराव केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, बदलीची नोकरी. जबलपूर, शिलाँग, भुवनेश्वर, डेहराडून, मध्येच दिल्ली, पुन्हा भलतीकडेच. ऑर्डर आली की दुसऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. ही बाई पदर खोचून उभी. बांधाबांधीचा त्यांचा एक नियम होता: आधी सामान हलकं करायचं. एकेक वस्तू हातात घ्यायची, डोळे भरून बघायची, न्यायची की सोडायची ते तिथल्या तिथे ठरवायचं. सोडली की सोडली, पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. शिलाँग सोडताना सुजयचा लाकडी घोडा असाच मागे राहिला. पोरानं रडून घर डोक्यावर घेतलं, तर ही म्हणते कशी, "मी बघून घेतलाय त्याला, तूही बघून घे आणि चल, जीप खोळंबलीय." अशी खमकी बाई.

विश्वासराव गेल्यावर त्या दिल्लीला मुलाकडे आल्या. लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर सुनेच्या, अक्षताच्या नावावर होतं. ती सरकारी लेखा विभागात. घरात नात होती, इशिता. आणि आल्या आल्या चार दिवसांत वृंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला, तो या इशितामुळे.

पोरगी गोड, पण बोलायची काय? "आजी, दूध गिरलं." "आजी, मला नींद येतेय." "आजी, तू माझी वाट देखत होती?"

"अगं बये, सांडलं म्हण!" वृंदाताई म्हणायच्या. "आणि वाट पाहतात गं, देखत नाहीत."

"तेच ना यार, आजी," इशिता म्हणायची आणि पळायची.

त्या 'यार आजी'नं वृंदाताईंना हसूही यायचं आणि आत कुठेतरी लागायचंही. आपण गेलो की या घरात 'फडताळ' म्हणणारं कुणी उरणार नाही, 'कानोसा घेतला' म्हणणारं कुणी उरणार नाही, हे त्यांनी एकदा अक्षताला बोलून दाखवलं. अक्षता म्हणाली, "मग तुम्ही रेकॉर्ड करून ठेवा ना, आई." झालं. ती गोष्ट त्यांनी मनावर घेतली.

सुजयनं आपलं जुनं मशीन त्यांच्या खोलीत मांडलं, विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं, माइक जोडून दिला. 'इशितासाठी' नावाचं एक फोल्डर समोरच ठेवलं. नवी फाइल कशी करायची, नाव कसं द्यायचं, नको ती कशी उडवायची, कचरापेटी कशी रिकामी करायची, सगळं शिकवलं. वृंदाताई पटापट शिकल्या. रोज सकाळी पूजा झाली की दार लोटून घ्यायचं, माइकपुढे बसायचं आणि एक शब्द सांगायचा. नुसता शब्द नव्हे हं. 'हिरमुसणं' म्हटलं की त्याबरोबर शिलाँगचा तो घोडा आला, सुजयचं ते तोंड आलं, जीपवाला आला. प्रत्येक शब्दाला आयुष्यातला एक तुकडा जोडलेला.

आणि एक अट घातली. "मी आहे तोवर कुणी ऐकायचं नाही. मला लाज वाटते मेली. मी गेले की इशिताला द्या. रोज एकच ऐक म्हणावं. म्हणजे मी तिला पुष्कळ दिवस पुरेन."

इशितानं आजीच्या गळ्याची शपथ घेतली. सुजयनंही मान डोलावली, आणि त्याच दुपारी बॅकअप लावायला बसला. आईचा आवाज आहे, एका मशिनच्या भरवशावर कसा ठेवणार?

लिनक्सवर हे काम म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ. बाहेरची एक डिस्क जोडली. पहिल्या दिवशी सगळं फोल्डर तिच्यावर उतरवलं. पुढे रोज ठरल्या वेळी मशीन आपण होऊन बघणार, कालच्यापेक्षा नवं काय, बदललेलं काय, आणि तेवढंच उचलणार. बाकीचं कालच्याच प्रतीशी नुसतं जोडून घेणार. त्यामुळे डिस्कवर जागा थोडीच जाते, पण कुठल्याही तारखेचं फोल्डर उघडा, त्या दिवशी होतं ते सगळं जसंच्या तसं दिसतं.

"म्हणजे रोज अख्खं घर झाडायचं नाही," वृंदाताई म्हणाल्या, "काल झाडल्यावर जिथे पसारा झाला तेवढंच आवरायचं."

"अगदी तस्सं!" सुजय म्हणाला. आई इतकी चटकन समजली म्हणून त्याला कोण आनंद.

पण तारखेमागून तारखा साठत गेल्या तर डिस्क कधीतरी भरणारच. म्हणून जुनी फोल्डरं काढून टाकायचाही नियम घालावा लागतो. तो नियम नव्यानं कोण लिहीत बसणार? ऑफिसातली फाइल तयार होती, ऑडिटवाल्यांनी पास केलेली: नव्वद दिवस ठेवा, त्यामागचं काढून टाका. सुजयनं ती जशीच्या तशी उचलली आणि आईच्या मशिनवर ठेवली. ऑफिसात त्याचं बरोबरच होतं. तिथे कुणाची फाइल उडाली तर तो माणूस तासाभरात बोंब ठोकत येतो. नव्वद दिवस कोण गप्प बसतं?

ऑफिसात आणखी एक शिस्त होती. बॅकअप झाला एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. अधूनमधून त्यातल्या फाइली काढून, उघडून बघायच्या. घरी मात्र सुजयनं हे कधी केलं नाही. उघडायचं म्हणजे ऐकायचं, आणि न ऐकायचा शब्द आईला दिलेला. शब्द पाळणारा मुलगा! मशीन रोज फोनवर 'बॅकअप यशस्वी' असा निरोप पाठवायचं, तेवढ्यावर तो खूश होता.

दोन वर्षं छान गेली. मग वृंदाताई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग इशिताचं नाव. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे नाव घेतलं ते ऐकून सुजय गाडीत जाऊन एकटाच रडला.

मागच्या थंडीत एके दिवशी अक्षता ऑफिसातून घरी आली तर पलंगावर गाठोडी. पानिपतहून आणलेल्या जाड चादरी पसरून त्यांत देव, डबे, स्वेटर, इशिताचे बूट, सगळं नीट बांधलेलं. वृंदाताई कमरेला पदर खोचून मध्ये उभ्या.

"आई, हे काय?"

"यांची ऑर्डर आलीय ना. तू बरी आलीस. भांडी तेवढी काढ."

विश्वासरावांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सुजय आला, त्यानं आईला समजावून पाहिलं, तर ती त्याच्यावरच चिडली. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. दिवसा आईला बांधू द्यायचं, संध्याकाळी ती टीव्हीपुढे बसली की गाठोडी गुपचूप सोडायची, वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. सकाळी वृंदाताई पुन्हा बांधायला मोकळ्या. इशिताला तर तो खेळच वाटायचा. "आज आजीनं कुकर पण पॅक केला!" ती हसत सांगायची. तेही हसायचे. न हसून करणार काय?

घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी अशी रोज परत मांडली. चमचासुद्धा हरवू दिला नाही. मशिनकडे मात्र कुणी बघितलं नाही. त्याला बॅकअप होता ना!

या ऑक्टोबरात वृंदाताईंचं बोलणं फारच उतरलं. दिवसातून चार-दोन शब्द, तेही धड नाहीत. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवा, जुनी गाणी, घरच्यांचं बोलणं, काही सांगता येत नाही, प्रतिसाद देतीलही. त्या रविवारी चहा पिताना अक्षतानं विषय काढला.

"सुजय, त्यांचीच रेकॉर्डिंग्ज लावू या का त्यांना?"

"आणि शब्द दिलाय तो?"

अक्षता म्हणाली, "त्या 'मी गेले की' म्हणाल्या होत्या. गेल्याच आहेत रे. समोर बसून गेल्या आहेत."

बोलणं खरं होतं. इशिताला कळलं तशी ती उड्या मारत आली. "आज पहिला शब्द? पक्का? मी आजीच्या बाजूलाच बसणार!" आणि खरंच, वृंदाताईंना हाताला धरून तिनं बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसवलं, आपण त्यांना खेटून बसली.

सुजय आत गेला, मशीन चालू केलं, 'इशितासाठी' उघडलं. फोल्डर रिकामं होतं.

तो घाबरला नाही हं. हसला. आईनं कुठेतरी हलवलं असणार, नाहीतर उडवलं असणार, म्हातारं माणूस. त्यासाठीच तर ही डिस्क. त्यानं कालची तारीख उघडली. रिकामं. आठवड्यापूर्वीची उघडली. रिकामं. मग तो एकदम सगळ्यांत तळाच्या, सगळ्यांत जुन्या तारखेवर गेला. जुलै महिना. तेही रिकामं.

"अक्षता," त्यानं हाक मारली, पण हाक अशी आली की ती हातातला कप घेऊनच धावली.

"काय झालं?"

"आईनं उडवलंय सगळं. तीन महिन्यांच्या आधीच कधीतरी."

"पण बॅकअप?"

"बॅकअपमध्ये नव्वद दिवसांच्या मागचं राहत नाही. मीच घातलाय तो नियम. तिनं उडवलं, आणि नव्वद दिवसांनी..." मशिननं काही चूक केली नव्हती, हे त्याला सगळ्यांत जास्त झोंबत होतं. रोज त्यानं इमानानं फोल्डरची प्रत काढली होती. आई फोल्डर रिकामं करत गेली, तसं तेही रिकामं करत गेलं, आणि वर रोज 'यशस्वी' म्हणून कळवत राहिलं.

अक्षता हळूच म्हणाली, "मी बघितलं होतं रे."

"काय बघितलंस?"

"थंडीत. ती गाठोडी चालली होती ना, तेव्हा. मी आजारी होते म्हणून घरी होते दोन-चार दिवस. दुपारी आई इथे बसायच्या, कानाला हेडफोन लावून. एक ऐकायच्या, पूर्ण. मध्येच हसायच्या, कधी डोळे पुसायच्या. मग माउसवर टिचकी. मग पुढचं. मी म्हटलं, काय करताय आई? तर म्हणाल्या, सामान हलकं करतेय." अक्षताचा आवाज फुटला. "मला वाटलं, ऐकून मन हलकं करतायत. मी त्यांना चहा आणून दिला, सुजय. शेजारी ठेवला आणि दार लोटून घेतलं."

सुजयनं तिच्या हातातला कप काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. कुणाला काय बोलणार? आईनं एकेक शब्द हातात घेतला होता, डोळे भरून बघितला होता आणि सोडला होता. तिच्या लेखी ट्रक खाली उभा होता.

तरी त्यानं हातपाय मारले. कचरापेटी आईनं केव्हाच रिकामी केली होती, शिकवली होती तशी. उडालेल्या फाइली डिस्कवरून खरवडून काढणारे प्रोग्रॅम असतात, तेही चालवून पाहिले. काही हाती लागेना. मशिनमधली डिस्क नव्या जातीची होती. ती वेगवान राहावी म्हणून रिकामी झालेली जागा दर आठवड्याला कायमची पुसून टाकायचं कामही त्यानंच लावून दिलं होतं. बाहेरच्या डिस्कवर थोडी आशा होती. पण उन्हाळ्यात इशिताच्या शाळेचे व्हिडिओ, सिमल्याचे फोटो, सगळं त्याच डिस्कवर ओतलं होतं, जागा आहे म्हणून. ती जागा कशाची होती ते आता कळत होतं. खरवडून शेवटी आवाजाचा एक तुकडा निघाला. त्यानं तो लावला. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग आई घसा खाकरते, आणि संपलं.

बाहेरून हाक आली, "बाबा, किती लेट?"

सांगावंच लागलं. तो बाहेर जाऊन इशितापुढे जमिनीवर बसला आणि त्यानं सरळ सांगून टाकलं. आजीनं चुकून काढून टाकलं, आणि मी जे सांभाळायला लावलं होतं त्यात ते राहिलं नाही. माझी चूक आहे.

"सगळे?" इशितानं विचारलं.

"सगळे."

"एक पण नाही?"

त्यानं मान हलवली. पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी ऐकू शकत होते, बाबा! आजी झोपायची तेव्हा मी रोज तिथेच होमवर्क करायचे. हेडफोन पण तिथेच असायचा. मी एकदा पण नाही ऐकलं. मी प्रॉमिस केलं होतं ना!" आणि ती आजीच्या मांडीवर डोकं घालून हमसून हमसून रडायला लागली. वृंदाताईंनी तिच्या केसांवर हात ठेवला. का रडतेय ते त्यांना कळलं नाही, पण हात फिरत राहिला.

सुजयला तिथे बसवेना. नेहरू प्लेसमध्ये डिस्कवरचा गेलेला डेटा काढून देणारा एक माणूस होता, ऑफिसातून कधीमधी त्याच्याकडे काम जायचं. काढून देण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्या माणसाइतकंच सुजयलाही पक्कं ठाऊक होतं. तरी तो उठला. हातांना काहीतरी काम हवं होतं. आईच्या खोलीत जाऊन तो टेबलाखाली शिरला आणि एकेक वायर सुटी करू लागला.

मागे पावलं वाजली. वृंदाताई दारात उभ्या होत्या. इशिताला सोफ्यावर तशीच ठेवून आल्या असणार. त्यांनी टेबलाखालून निघालेल्या वायरी बघितल्या, मशिनवर हात ठेवून गुडघ्यावर बसलेला माणूस बघितला. कित्येक महिन्यांत दिसली नव्हती अशी जाग त्यांच्या तोंडावर आली. त्यांनी पदर खोचला.

"आ गए आप?" त्या म्हणाल्या. "बहुत देर कर दी, भैया."

घरात आई कधी हिंदी बोलायची नाही. ती हिंदी दारापलीकडच्यांसाठी होती, भाजीवाल्यासाठी, हमालासाठी, ट्रकवाल्यासाठी. आजवर ती कधी त्याच्या वाट्याला आली नव्हती. आणि किती सरळ, किती स्वच्छ वाक्यं! दोन शब्द धड जुळत नव्हते त्या बाईचे.

"आई, मी आहे. सुजय."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पलंगावरची चादर ओढली, घडी मोडली आणि त्याच्यापुढे धरली. "इसमें लपेट लीजिए. जरा संभालके उठाना. इसमें हमारी पोती का सामान है."

त्यानं चादर घेतली. मशीन तिच्यात ठेवलं, चारी टोकं जुळवली. पण गाठ त्याला काही नीट बसेना. वृंदाताई वाकल्या, त्याचे हात बाजूला केले आणि स्वतः पक्की गाठ मारून दिली. मग त्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलं. परक्या माणसाचं वाईट वाटावं तसं त्यांना वाटलं असणार, कारण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भारी है क्या? नीचे तक ही ले जाइए. खोलने की फिकर मत करना. मेरा बेटा ये सब जानता है. शाम को आएगा, सब वापस लगा देगा."

सुजयनं गाठोडं उचललं. "जी," तो म्हणाला. मराठीत काही म्हणायला त्याला तोंडच राहिलं नव्हतं.